मुलीला चेंबरमध्ये बोलावलंय, काय शिकवून पाठवू?

प्रश्न एका आत्याचा आहे, थोडक्यात असा. भाऊ-वहिनी दोन वर्षांपासून वेगळे राहतात. अकरा वर्षांची भाची भावाकडे, म्हणजे आजी आणि आत्याच्या घरात वाढतेय. वहिनीने कौटुंबिक न्यायालयात ताब्यासाठी अर्ज केलाय आणि पुढच्या तारखेला न्यायाधीश मुलीशी चेंबरमध्ये, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या खोलीत, बोलणार आहेत. आत्या तीन गोष्टी विचारतात: तिची तयारी करून घ्यायची का, ती सांगेल ते न्यायालयावर बंधनकारक असतं का, आणि एवढ्याशा पोरीला यात ओढणं बरं आहे का.

ताई, मी बावीस वर्षं कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक होते. तारीख जवळ आलीय म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. शिकवून पाठवू नका. एक वाक्यसुद्धा नको.

नीती-अनीतीचं घडीभर बाजूला ठेवा, ते मुळात चालतच नाही. एकदा नऊ वर्षांचा एक मुलगा माझ्यासमोर बसला. दोन्ही हात मांडीवर, पाठ ताठ. मी नाव विचारायच्या आधीच म्हणाला, "माझी आई मानसिकदृष्ट्या अस्थिर असून ती माझा सांभाळ करण्यास असमर्थ आहे." नऊ वर्षांचं पोर 'असून' म्हणत नाही हो. वाक्य अर्जातलं होतं, जसंच्या तसं. मी विचारलं, अस्थिर म्हणजे काय रे? म्हणाला, "ते बाबांना विचारा." मग आम्ही सायकलबद्दल बोललो. चालवता येते का, पडलास का कधी, कुणी शिकवली. "आईने," तो म्हणाला, "ती कॅरिअर धरून मागे पळायची आणि एकदा मला न सांगताच सोडून दिलं." हे सांगताना तो पहिल्यांदा हसला. आणि हसल्या हसल्या त्याने दाराकडे बघितलं. दाराबाहेर बाबा उभे होते.

ते दाराकडे बघणं मला जे सांगून गेलं, ते अर्जाच्या तीस पानांत नव्हतं. न्यायाधीशांनाही असं बघायची सवय असते. पढवलेलं मूल दोन मिनिटांत कळतं आणि मग त्याने स्वतःच्या मनाने सांगितलेल्या खऱ्या गोष्टीवरसुद्धा शंका येते. म्हणजे तुमच्या भावाची बाजू खरी असली, तरी तुम्हीच ती पातळ करून ठेवता. आणि मुलीला कळतं ते वेगळंच: आपल्याला विचारतायत खरं, पण उत्तर आधीच ठरलंय.

शिकवू नका म्हणजे काही सांगूच नका, असं मात्र नाही. उलट सांगायलाच हवं आणि नेमकं तेच घरोघरी राहून जातं. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २००९ मध्ये मुलांचं म्हणणं ऐकण्याच्या हक्कावर एक सविस्तर टिप्पणी काढली, तिचा क्रमांक १२. तिच्यात ऐकण्याच्या कामाचे पाच टप्पे दिलेत. मुलाची पूर्वतयारी, प्रत्यक्ष ऐकणं, मुलाची समज किती याचा अंदाज, त्याच्या म्हणण्याला किती वजन दिलं हे त्याला परत येऊन सांगणं, आणि ऐकून घेतलंच नाही तर दाद मागायची सोय. आपल्याकडे दुसरा टप्पा उरकतात आणि ऐकलं म्हणतात. पहिला घरचे चुकीचा करतात आणि चौथा तर कुणी करतच नाही. त्यावर पुढे येते, कारण तिथे मी स्वतः माती खाल्लीय.

पूर्वतयारी म्हणजे तिला इतकंच सांगा. कुठे जायचंय. ती इमारत कशी असते, गर्दी असते, काळे कोट घातलेली माणसं असतात, पोलीसही दिसतील, पण ते आपल्यासाठी आलेले नसतात. (हे आवर्जून सांगा. आपल्याला पकडून नेणार असं समजून रडणारी मुलं मी पाहिलीत.) आत जज असतील, ते तिच्याशी एकटीशी बोलतील, बाबा, आई आणि वकील बहुतेक बाहेर थांबतील. सिनेमातल्यासारखा पिंजरा नसतो, हातोडाही नसतो. जे आठवत नाही त्याला 'आठवत नाही' म्हणता येतं. ज्यावर बोलायचं नाही, त्यावर 'नाही बोलायचं' म्हणता येतं. बोलण्याचा हक्क आहे, सक्ती नाही. समितीच्या टिप्पणीत हेही स्पष्ट लिहिलंय, पण घरात कुणी वाचलेलं नसतं. आणि शेवटचं: निर्णय जज घेणार आहेत, तू नाही. हे वाक्य तुमच्या भावाने स्वतः, तिच्या डोळ्यांत बघून म्हणावं. तुम्ही म्हणून उपयोग नाही.

आता दुसरा प्रश्न. बंधनकारक नसतं. एवढं ऐकून लोक 'मग कशाला विचारता' म्हणतात. तेही बरोबर नाही.

पालक आणि पाल्य अधिनियम १८९० सालचा. त्याच्या कलम १७(३) मध्ये म्हटलंय की मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल, तर न्यायालय ती पसंती विचारात 'घेऊ शकेल'. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ चं कलम २६ थोडं पुढे जातं: मुलांचा ताबा, निर्वाह आणि शिक्षण यांबाबतचे आदेश शक्य असेल तिथे मुलांच्या इच्छेला धरून असावेत. आणि हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ चं कलम १३ सांगतं की सगळ्यात वर मुलाचं कल्याण. म्हणजे इच्छा हा कल्याणाचा एक भाग, महत्त्वाचा, पण एकटा नाही. मुलाचं मत अमुक वयापासूनच धरायचं, असा आकडा यांतल्या एकाही कायद्यात नाही. न्यायालयाच्या पायऱ्यांवर मात्र तो रोज ऐकू येतो. कुणी नऊ सांगतं, कुणी बारा. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं असं १९५६ च्या कायद्यात आहे खरं, पण तो मुद्दा वेगळा.

संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता २० नोव्हेंबर १९८९ ची, भारताने ती ११ डिसेंबर १९९२ ला स्वीकारली. तिच्या कलम १२ नुसार ज्याला स्वतःचं मत बनवता येतं त्या प्रत्येक मुलाला, त्याच्याशी संबंध असलेल्या प्रत्येक बाबतीत ते मोकळेपणाने मांडायचा हक्क आहे, आणि वय व समज पाहून त्या मताला वजन द्यायचं आहे. न्यायालयीन कामकाजाचा उल्लेख त्यात मुद्दाम वेगळा केलाय. मुलाला मत आहे हे धरून चालायचं, ते त्याने सिद्ध करायचं नाही, असंही समिती म्हणते.

इथे एक जुनं दुखणं सांगते. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ३ सहभागाचं तत्त्व ठणकावून सांगतं. मुलाला ऐकून घेतलं जाण्याचा आणि त्याच्या हिताच्या प्रत्येक प्रक्रियेत, निर्णयात भाग घेण्याचा हक्क आहे. म्हणजे स्टेशनवर एकटं सापडून बालकल्याण समितीसमोर (निराधार मुलांचं काय करायचं ते ठरवणाऱ्या समितीसमोर) आलेल्या मुलासाठी कायद्यात 'हक्क' असा शब्द आहे, आणि कोथरूडच्या फ्लॅटमधून आईवडिलांच्या भांडणात न्यायालयात आलेल्या मुलासाठी अजून इंग्रजांच्या काळातलं 'विचारात घेऊ शकेल' चालू आहे. बालकल्याण समितीसमोर तो हक्क कितपत पाळला जातो हा वेगळ्या लेखाचा विषय. पण निदान तिथे कलमावर बोट ठेवून भांडता येतं.

न्यायालयं प्रत्यक्षात काय करतात याची दोन टोकं सांगते, दोन्ही सर्वोच्च न्यायालयाची. २००८ मध्ये पश्चिम बंगालमधलं एक प्रकरण आलं. मुलाची आई वारली होती, तिच्या मृत्यूबद्दल वडिलांवर फौजदारी खटला चालू होता आणि मुलगा आईच्या आईवडिलांकडे राहत होता. खालच्या न्यायालयांनी ताबा वडिलांना दिला. मुलाला काय वाटतं हे कुणी पाहिलंच नव्हतं. न्यायमूर्तींनी त्याला चेंबरमध्ये बोलावलं, त्याने वडिलांकडे जायला साफ नकार दिला, आणि ताबा आजी-आजोबांकडेच ठेवला गेला. दुसरं टोक २०१७ चं. मुलगी अगदी लहानपणापासून वडिलांकडे वाढलेली, आईचा सहवास तुटलेला. तिथे न्यायालयाने ताबा आईला दिला आणि एका पालकाच्या प्रभावाखाली मुलाचं मन दुसऱ्याविरुद्ध कसं घडवलं जातं, यावर निकालात सविस्तर लिहिलं. पहिल्यात मुलाचा शब्द निर्णायक ठरला. दुसऱ्यात ओढा का तयार झाला, हे न्यायालयाने खणून पाहिलं.

ताई, रागावू नका, पण तुमचं प्रकरण दुसऱ्याच्या जास्त जवळ आहे. दोन वर्षं मुलगी तुमच्याकडे आहे. त्या घरात आईचं नाव कसं घेतलं जातं? 'तुझी आई' असं, की 'आई' असं? आईचा फोन आला की टीव्हीचा आवाज कमी होतो की वाढतो? ती तुमच्याकडेच राहायचं म्हणेल, याची मला जवळजवळ खात्री आहे. ते तिचं स्वतःचं म्हणणं असूही शकतं. फक्त आईला भेटायची मोकळीक असूनही ती तेच म्हणत असेल, तर त्या म्हणण्याला वजन येतं. भेटू दिलं नसेल तर तेच वाक्य तुमच्यावर उलटतं.

तिसरा प्रश्न, यात ओढण्याचा. ती यात आहेच की. कुणाच्या घरी झोपायचं, कुठल्या शाळेत जायचं, कुठली मैत्रीण सुटणार, हे सगळं तिचंच आहे. भिंतीपलीकडून फोनवरचं बोलणं तिने ऐकलंय. पोटगीचा आकडाही बहुतेक तिला माहीत असेल. मुलांना कळत नाही म्हणून त्यांना यात घेऊ नये, असं म्हणणाऱ्यांच्या घरातल्या मुलांना सगळ्यात जास्त माहीत असतं, हा माझा अनुभव. १९७३ सालीच सर्वोच्च न्यायालयाने म्हणून ठेवलंय की मुलं आईबापांच्या मालकीची चीजवस्तू नाहीत आणि त्यांची खेळणीही नाहीत.

तुमची काळजी मात्र खोटी नाही. मुलांना त्रास होतो, पण कशाने होतो ते बघा. 'आई हवी की बाबा' असं विचारलं की होतो. हा प्रश्न मी नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच टाकून दिला. त्याचं कुठलंही उत्तर दिलं तरी एका माणसाशी बेइमानी होते आणि मूल ती आयुष्यभर स्वतःच्या खात्यावर लिहून ठेवतं. त्याऐवजी मी दिवस विचारायचे. सकाळी कोण उठवतं? वेणी कोण घालतं? डबा कोण करतं आणि त्यात नावडतं काय असतं? ताप आला की कुणाला हाक मारतेस? शाळेतली गोष्ट आधी कुणाला सांगतेस? रविवारी काय होतं? लहान मुलांना कागद आणि खडू द्यायचा, घर काढ म्हणायचं. घरात कुणाला कुठे उभं केलंय ते बघायचं. पण चित्राचा फार अर्थ लावू नये. एका मुलाने बाबांना काढलंच नव्हतं, मी गंभीर चेहरा करून विचारलं, तर म्हणाला, "ते गाडी पार्क करतायत."

आणि मग मुलं जे सांगतात ते आपल्या भांडणात कुठे नसतंच. एक आठ वर्षांची मुलगी होती. वडील महिन्यातून दोन शनिवारी न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत भेटायला यायचे. ती त्यांच्याशी बोलायची नाही, भिंतीकडे तोंड करून बसायची. आईचे वकील म्हणत, मुलीला वडील नकोत. वडिलांचे वकील म्हणत, आईने कान भरलेत. चार महिने हेच चाललं होतं. एका शनिवारी मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि म्हटलं, तुला इथलं काय बदलायचंय, एक गोष्ट सांग. ती हळूच म्हणाली, "बाबा व्हिडिओ काढतात. तो बंद करायला सांगा." वडील पुरावा म्हणून प्रत्येक भेट मोबाइलवर घेत होते, आई तिला भडकवते हे दाखवायला. मी त्यांना फोन माझ्या टेबलावर ठेवायला सांगितलं. त्याच भेटीत ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली. पुढच्या वेळी सापशिडी आणली होती.

दुसरा एक सातवीतला मुलगा. आईवडिलांचं भांडण शनिवार-रविवार कुणाचा यावर. त्याला विचारलं, तर त्याला दोघेही चालत होते, फक्त शनिवारी सकाळी सात ते नऊ ग्राउंड होतं आणि बॅट नेमकी दुसऱ्या घरी राहायची. त्याची मागणी एकच, दोन बॅटी. दोन्ही वकील हसले. आदेशात मात्र ते आलं: क्रिकेटचं साहित्य दोन्ही घरी, आणि शनिवारची मुलाची देवघेव नऊनंतर. माझ्या कारकिर्दीत सगळ्यात कमी कटकटीने पाळला गेलेला आदेश तोच असावा.

आता माझी चूक. नोकरीला चार-पाच वर्षं झाली होती, एका जिल्ह्याच्या ठिकाणी होते. तेरा वर्षांची मुलगी, खूप वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, मी सांगते पण तुम्ही कुणाला सांगू नका. मी म्हटलं, नाही सांगणार. तिने सांगितलं की बाबा रात्री रडतात म्हणून मी त्यांच्याकडे राहते, नाहीतर मला आईकडे जायचंय. मला ते महत्त्वाचं वाटलं. होतंच. मी अहवालात लिहिलं, तेही तिच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत. अहवालाची प्रत दोन्ही पक्षांना मिळाली. पुढच्या तारखेला मुलगी आली, खुर्चीत बसली आणि अर्धा तास तोंड उघडलं नाही. जाताना फक्त म्हणाली, "बाबांनी वाचलं." त्यानंतर ती माझ्याशी कधीच बोलली नाही. बोलायचं कशाला?

तेव्हापासून मी कुठल्याही मुलाला 'कुणाला सांगणार नाही' म्हटलेलं नाही. आधीच सांगायचं: तू जे सांगशील त्यातलं काही मला जजना सांगावं लागेल. कुठलं सांगू, कसं सांगू, ते आपण दोघं मिळून ठरवू. लिहिलेलं त्याला वाचून दाखवायचं. मुलं दुरुस्त्या करतात आणि फार नेमक्या करतात. एकीने 'आईचा राग येतो' खोडायला लावून 'आईच्या ओरडण्याचा राग येतो' करून घेतलं. तुम्हीही भाचीला खोटं वचन देऊ नका, आणि चेंबरमधून बाहेर आल्यावर 'काय विचारलं, काय सांगितलंस' करून जिन्यातच तिची उलटतपासणी घेऊ नका. भावाला आणि आजीला हे आधीच बजावून ठेवा. सगळ्यात जास्त आजीला. तिला सांगावंसं वाटलं तर ती आठ दिवसांनी, पोळी खाता खाता सांगेल.

आणि तो चौथा टप्पा. आदेश झाला की मोठी माणसं वकिलांकडून प्रत घेतात, पेढे वाटतात किंवा अपिलाची तयारी करतात. मुलाला कळतं ते बॅग भरताना. तुमच्याकडे असं होऊ देऊ नका. आदेश कसाही असो, तिच्यासमोर बसून सोप्या शब्दांत सांगा: तू हे हे म्हणाली होतीस, त्यातलं हे जजनी मानलं, हे मानलं नाही, आणि त्याचं कारण असं दिलंय. कारण पटलं नाही तर पटलं नाही म्हणू दे तिला. ताब्याचा आदेश ही दगडावरची रेघ नसते, परिस्थिती बदलली तर तो बदलून मागता येतो, हेही सांगा. माझं मागणं नाकारलं, हे मुलं पचवतात. मला विचारलं आणि मग कुणी काही सांगितलंच नाही, हे त्यांना पचत नाही. ही मुलं मोठी होऊन भेटायला येतात, तेव्हा निकालाबद्दल फारशी तक्रार करत नाहीत. 'तेव्हा मला कुणी काही बोललंच नाही,' ही मात्र हमखास असते.

वकिलांमार्फत एक करता येईल. मुलीशी बोलणं एकदाच आणि एकाच माणसाने करावं, अशी विनंती करा. समुपदेशक, मग न्यायाधीश, मग कुणी नेमलेला मानसोपचारतज्ज्ञ, प्रत्येकाने तेच तेच विचारलं की मुलं पाठ केल्यासारखी बोलायला लागतात. मग पुन्हा आरोप, पढवलंय म्हणून.

बाकी व्यवहाराचं. अकराला बोलावलं तरी नंबर लागायला दुपारचे तीन वाजू शकतात. डबा, पाण्याची बाटली, एखादं गोष्टीचं पुस्तक बरोबर ठेवा. नवा फ्रॉक वगैरे घालू नका, तिला जो ड्रेस सोयीचा वाटतो तो घालू दे. आई तिथे दिसेल, तिच्याकडे जाऊन बसावंसं वाटलं तर बसू दे, हात धरून ओढू नका. आणि त्या दिवशी तिची शाळा बुडणार आहे. चाचणी असेल, स्नेहसंमेलनाची प्रॅक्टिस असेल, सहल असेल, तर पुढची तारीख मागण्यासाठी वकील अर्ज देऊ शकतात. ती तारीख तिला चालते का, हे अजून कुणी विचारलेलं दिसत नाही. आज संध्याकाळी विचारा.